न सांगता गायलेलं गाणं

"सांगू नकोस," लाइल म्हणाला. "नवं आहे, माझं आहे, असलं काही माइकवर बोलायचं नाही. सरळ सुरू कर."

वर्लीन कुबेनाने मान हलवली. बाहेर टेक्सासचं ऊन रणरणत होतं आणि ती आत डान्स हॉलच्या स्टेजवर गिटार जुळवत होती. लाइल तिच्या बँडमध्ये स्टील गिटार वाजवायचा, आणि तो म्हणत होता ते खरंच होतं. ह्या हॉलमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नाही. गाणं आवडलं की माणसं जोडीने फ्लोअरवर येतात आणि गोल फिरत नाचतात. नाही आवडलं की बियर आणायला जातात. दर रविवारी दुपारी वर्लीन दुसऱ्यांची जुनी गाणी गायची, तेव्हा फ्लोअर भरलेला असायचा. पण "हे मी लिहिलंय" एवढं तिने तोंडातून काढायचा अवकाश, सगळा हॉल बियरच्या रांगेत. बियरवाला रोज चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना करतो, असं लाइल तिला चिडवायचा.

आज ही चेष्टा परवडणार नव्हती. पुढच्याच टेबलाशी नॅशव्हिलहून आलेला प्रेस्कॉट बसला होता, कोरी करकरीत हॅट घालून. गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा माणूस. ही बाई गाणी लिहिते असं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की तुमचं स्वतःचं एक गाणं लोकांसमोर गा, लोकांचं काय होतं ते मला बघायचंय. असा माणूस ह्या गावात पुन्हा काही यायचा नाही. वर्लीनला आयुष्यभर जे हवं होतं, ते समोर बसून जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, खात होतं.

एक जुनं गाणं संपलं. लोक फ्लोअरवरच उभे होते, कपाळावरचा घाम पुसत. वर्लीनने कोणाकडेही न बघता सुरुवात केली.

"दार लोटून घे, कडी नको लावू..."

पहिल्या ओळीला कोणी हललं नाही. दुसऱ्या ओळीला एक धिप्पाड शेतकरी बियरच्या दिशेने वळला. संपलं, वर्लीनला वाटलं. तेवढ्यात त्याच्या बायकोने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. पलीकडे म्हाताऱ्या एमिल ह्रुस्काने आपल्या म्हातारीच्या कमरेला हात घातला आणि दोघं संथपणे निघाली. त्यांच्यामागून आणखी एक जोडी निघाली, मग दोन पोरी एकमेकींनाच धरून. बघता बघता सगळा फ्लोअर फिरू लागला. नाचायला सोपं जावं म्हणून पसरलेलं मक्याचं पीठ बुटांखाली सरसरत होतं. वर्लीनला इतका आनंद झाला की ती दुसरं कडवं विसरलीच. लाइलने स्टील गिटारवर वेळ मारून नेली तेव्हा कुठे ते तिला आठवलं. बियरवाला एकटाच उभा राहून इकडे बघत होता.

त्यापाठोपाठ तिने दोन जुनी गाणी उरकली आणि धावतच खाली उतरली. प्रेस्कॉट उभा राहिला, पण त्याचा चेहरा पडलेला होता.

"छान गाता तुम्ही," तो म्हणाला. "पण आपलं ठरलं होतं तुमच्या गाण्याचं. ते राहिलंच की."

"गायले ना. ते कडीचं."

"ते तुमचं?" त्याने हॅट मागे सरकवली. "बाई, ते सुरू झालं आणि सगळे नाचायला लागले. सगळ्यांच्या ओळखीचं गाणं आहे ते. मी तुमचं स्वतःचं म्हटलं होतं."

वर्लीनला हसू येत होतं आणि रडूही. ती सांगायला लागणार, तोच गर्दीतून एमिलची बायको आग्नेस पुढे आली. ऐंशी ओलांडलेली बाई, नाचून लालबुंद झालेली.

"ते परत म्हण गं पोरी," तिने फर्मावलं.

"कोणतं, मिस आग्नेस?" वर्लीनने विचारलं. तिकडे लग्न झालेल्या म्हाताऱ्या बायकांनाही आदराने मिसच म्हणत.

"कडी नको लावू. आमच्या लग्नात हेच वाजत होतं. एमिल म्हणतो वेगळं होतं, पण त्याला स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, लग्नातलं काय आठवणार?"

प्रेस्कॉटने वर्लीनकडे पाहिलं. आता काय म्हणता, असं ते पाहणं होतं.

"मिस आग्नेस," वर्लीन म्हणाली, "ते मी लिहिलंय. ह्याच आठवड्यात, लाँड्रीत बसून."

आग्नेसने तिला खालून वर न्याहाळलं.

"काहीतरीच काय? माझ्या लग्नात तुझी आई पाळण्यात होती. देवाने एवढा गोड आवाज दिलाय ना तुला? मग दुसऱ्याच्या गाण्याला आपलं नाव कशाला लावतेस?"

लाइल खो-खो हसत सुटला. प्रेस्कॉट गोंधळून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. वर्लीनला खरं तर राग यायला हवा होता. पण तिला अंगभर आनंद झाला होता, ह्याच आठवड्यात लिहिलेलं गाणं म्हातारीला आपल्या लग्नातलं वाटलं होतं. नॅशव्हिलचा माणूस काहीतरी विचारत होता, कागद कुठे आहे, साक्षीदार कोण आहे. लाइल तिच्या कानाशी लागला, की अगं, आधी ह्याला पटवून तरी दे.

तोवर एमिल फ्लोअरच्या मध्यभागी जाऊन बायकोसाठी हात पुढे करून उभा होता. वर्लीन गिटार उचलून माइकपाशी गेली.

"मिस आग्नेसच्या लग्नातलं गाणं," ती म्हणाली. "पुन्हा एकदा."