चोवीस अंश

दुरुस्तीला आलेला रेवणसिद्ध भांडी धुण्याच्या मशीनपुढं पालथा झाला तेव्हा लातुरात दुपारचे दोन वाजले होते, आणि ऊन असं होतं की घरांच्या सावल्याही उंबरठ्याच्या आत येऊन बसल्या होत्या. लातूरला पाणी रेल्वेनं यायचं ते वर्ष. पाहुण्याला आणायला जावं तशी माणसं पाण्याला बघायला स्टेशनवर जायची.

मशीनच्या दाराला पाठ लावून सत्तरीची गौरम्मा पाटावर डाळ निवडत बसली होती.

"अव्वा, जरा सरका. दार उघडून आतून बघतो."

"आतून न्हाई. खालून बघ. मागं हात लावला तर असा करंट बसला, दात हालले."

"दात तर एकबी दिसत न्हाई."

"त्यातच गेले."

तिची सून जगदेवी फोनवर हेच म्हणाली होती. तापमानाचा लाल दिवा लुकलुकतोय, सासूबाईंना करंट बसलाय, भीतीनं कुणी दाराला हात लावत नाही. हातानं घासायला दोन बादल्या जातात, मशीन नऊ लिटरात उरकतं, आजच्या आज नीट करून द्या. तो आल्या आल्या तिनं मशीन दाखवलं, घागर कमरेवर घेतली आणि टँकरच्या रांगेकडं पळाली.

रेवणसिद्ध निलंग्याहून मोटारसायकलवर आलेला. त्याची बाटली औशातच संपली होती. जीभ टाळूला चिकटलेली, पण त्या साली कुणाच्या घरी पाणी मागायचं म्हणजे गळ्यातला दागिना मागण्यासारखं. कधी एकदा उरकतं असं त्याला झालं होतं. बुटाची टोकं फरशीवर सारखी वाजत होती.

त्यानं प्लग काढला, खालची पट्टी उघडली आणि मीटरच्या दोन पिना तापमानाच्या सेन्सरला लावल्या. मीटरवरचा आकडा बघून अंश सांगायची त्याला सवय होती.

चोवीस.

स्वयंपाकघरात त्रेचाळीस होतं. भिंतीवरची पालसुद्धा पाय बदलत उभी होती. त्यानं पिशवीतला नवा सेन्सर फरशीवर ठेवून मोजला. त्रेचाळीस. परत जुना मोजला. चोवीस.

"मेला," तो म्हणाला.

गौरम्माचा हात डाळीतच थांबला. "कोण?"

"सेन्सर, अव्वा. खोटं बोलायलाय. आत म्हणं हिवाळा हाय."

"मग दे फेकून. म्हातारं झालं की बरळतंच."

त्यानं सेन्सर उपसून काढला, मुठीत धरला आणि सवयीनं पुन्हा मोजला. आकडा सरकत सरकत अंगाच्या उबेवर येऊन थांबला. अगदी बरोबर. सेन्सर धडधाकट होता. आणि तो जिथून काढला त्या भोकातून रेवणसिद्धच्या मनगटावर एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक धारच कोपरापर्यंत उतरली. थंडगार.

त्यानं घाईनं अंगठा भोकावर दाबला.

"अव्वा, आत काय हाय?"

गौरम्मानं आणखी दोन खडे वेचले. मग पाट सरकवला.

"तुझा तो बोटाएवढा पार्ट लई चहाडखोर हाय," ती म्हणाली, आणि तिनंच दार उघडलं. करंट बिरंट काही बसला नाही.

आत मातीचे दोन माठ होते, लुगड्याच्या ओल्या धडप्यात गुंडाळलेले, गळ्यापर्यंत भरलेले. पाझरून पाझरून मशीनच्या तळाशी पाणी साचलं होतं.

"रोज माझ्या वाट्याचे दोन तांबे. एक पिते, एक हितं वतते."

"कशापायी?"

"गल्लीतली नागम्मा गेली मागल्या म्हैन्यात. जन्मभर पहाटं आंघोळ करून लिंग हातावर घेऊन पूजणारी बाई. तिला ओल्या फडक्यानं पुसली अन् नेली. कपाळाला विभूती धरंना." तिनं धडपा नीट केला. "मला तसं बिनआंघोळीचं जायचं न्हाई. जगदेवीला घावलं तर ती वरणात घालंल. तिचं चुकतं असं न्हाई. घरात लेकरं हायेत."

फाटक वाजलं. गौरम्मानं दार लावलं आणि पुन्हा पाठ टेकून डाळ पुढ्यात ओढली. अर्धी भरलेली घागर घेऊन जगदेवी आत आली.

"निघाला का फॉल्ट?"

रेवणसिद्धचा एक अंगठा भोकावर, दुसऱ्या हातात जुना सेन्सर. नवा त्यानं कोपरानं पिशवीमागं सरकवला.

"हा गेलाय, वहिनी. पार्ट मागवावा लागल. मृग निघाल्याबिगर काही येत न्हाई. तोवर दाराला कुणी हात लावू नका. करंट लई वंगाळ हाय."

"तरी मी ह्यांना म्हणत होते," जगदेवी घागर पिंपात उपडी करत म्हणाली, "सासूबाई खोटं कशाला बोलतील." आणि रिकामी घागर घेऊन ती पुन्हा रांगेला गेली.

रेवणसिद्धनं जुना सेन्सर होता तिथंच बसवला, पट्टी लावली, हत्यारं पिशवीत कोंबली. उठताना भिंतीला हात टेकला. ओठ फुटले होते.

गौरम्मानं दार उघडलं, माठात फुलपात्र बुडवलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"नको, अव्वा. हे तुमच्या..."

"पी लेकरा," ती म्हणाली. "एक पाय कोरडा राहिला तर राहिला."