एका शब्दाचं पत्र

कासू गावच्या साक्षरता वर्गात नम्रताबाईंनी फळ्यावर ‘लोलक’ लिहिलं आणि विचारलं, “म्हणजे काय?”

“कानात लोंबतात ते,” धोंडुबाई म्हणाली.

“बरोबर. आणि भिंतीवरच्या घड्याळात खाली हलत असतो, तोही लोलकच.”

धोंडुबाईने तो शब्द महिनाभर गिरवला. सासूने दिलेले सोन्याचे लोलक तिने लेकीच्या लग्नासाठी जपून ठेवले होते. पण वनिताने परजातीतल्या प्रविणशी लग्न केलं आणि धोंडुबाईने दोघांना घराचं दार बंद केलं. त्याला तीन वर्षं झाली होती. आता तिने पोस्टकार्डावर तेवढा एकच शब्द लिहिला आणि लेकीचा रोह्याचा पत्ता बाईंकडून घालून घेतला.

“आणखी काही लिहू का, मावशी?”

“नको. माझ्या पोरीला समजंल.”

रविवारी दुपारच्या गाडीने दोघं आली. वनिता उंबऱ्याबाहेरच थांबली. प्रविण कंपनीत फिटर होता. त्याच्या पिशवीत पाना, पक्कड असं सामान होतं.

“आई, घड्याळ कुठं हाय?” तो अवघडून म्हणाला. “तुमचं कार्ड आलं. घड्याळाचा लोलक निखळला असंल, तुम्हीच चला, असं ही बोलली.”

धोंडुबाईने लेकीकडे पाहिलं. लेक खाली बघत होती. त्या घरात घड्याळ कधी नव्हतंच.

“दाखवते, जावयबापू,” धोंडुबाई दोन पाट मांडत म्हणाली. “आधी जेवून घ्या.”