बाहेरची पिन

नवा छोटा ट्रॅक्टर घरी आला आणि पहिल्या आठ महिन्यांत नांगर उचलणाऱ्या लिफ्टची पिन चार वेळा तुटली. दर वेळी कंपनीची पिन यायला पंधरा दिवस. तोवर ट्रॅक्टर दारात शोभेला, आणि शेजारी विचारायला मोकळे, "काय, आजही आराम?" पाचव्यांदा तुटली तेव्हा माझं डोकंच फिरलं. सरळ लेथवाल्याकडे गेलो आणि तासाभरात पिन करून आणली. त्याला तीन महिने झाले, त्या पिननं हूं की चूं केलेलं नाही.

काल इंजिनातून ऑइल गळायला लागलं म्हणून ट्रॅक्टर सर्व्हिस सेंटरला नेला. मॅनेजरनं ऑइलकडे पाहिलंच नाही. वाकून पिन पाहिली आणि फाइल मिटली.

"बाहेरचा पार्ट लावलाय. वॉरंटी गेली."

"अहो, पिनचा आणि ऑइलचा संबंध काय?"

"नियम आहे, काका."

चरफडत गेटपर्यंत आलो, तर मेकॅनिक मागून धावत आला. हळूच म्हणाला, "काका, तुमच्या त्या लेथवाल्याचा नंबर द्या ना. आत नऊ ट्रॅक्टर पिनसाठी अडलेत. साहेबांनीच पाठवलंय."