दुसरा फेरा

नातीचा तिसरा बाणही लक्ष्याच्या कडेला रुतला आणि वामनरावांनी हातातली वही आणखी घट्ट धरली. उद्या ऋजुताची तिरंदाजीची जिल्हा निवड चाचणी होती. कंपाउंड धनुष्य ताणायला जड जातंय म्हणाली, म्हणून काल आजोबांनीच पुस्तक वाचून त्याची पाती ताणून धरणारे वरचा-खालचा असे दोन्ही बोल्ट सैल केले होते. तेव्हापासून एक बाण वर, तर दुसरा खाली.

"आजोबा, नेमाची साइट कितीही सरकवली तरी बाण एका जागी पडतच नाहीत!"

"माझंच चुकलं गं. पुस्तकं लावणाऱ्या माणसानं बोल्टला हात लावूच नये."

"काका, रडगाणं नंतर," प्रशिक्षक बोंद्रे सर म्हणाले. "दोन्ही बोल्ट सारखेच फिरवलेत ना?"

वामनरावांनी भीत भीत वही उघडली. ग्रंथालयात चाळीस वर्षं काढलेला माणूस, नोंद केल्याशिवाय खिळाही ठोकत नसे. ऋजुताने मोठ्याने वाचलं, "वरचा बोल्ट, दोन फेरे. खालचा बोल्ट, एक फेरा. चहा आला."

पुढे पान कोरं होतं.

सर खो खो हसत सुटले. वामनरावांनी खालचा बोल्ट आणखी एक फेरा सैल केला. ऋजुताने तीन बाण सोडले. तिन्ही खाली गेले, पण एकमेकांना खेटून.

"जमलं! आता नुसती साइट सरकवायची!" तिने आजोबांना मिठीच मारली.

सरांनी थर्मासमधला चहा ओतून पेला पुढे केला.

"थांबा," वामनराव पेन शोधत म्हणाले, "आधी लिहून होऊ द्या."