तेरावी गाठ

अनोझीने दोरीला तेरावी गाठ मारली आणि वर्षभरात पहिल्यांदाच तो मोकळेपणी हसला.

तेरा चंद्रांपूर्वी गोऱ्या साहेबाच्या कोर्टात बायबलवर हात ठेवून त्याने सांगितलं होतं, की ताडाची बाग माझी आहे, विधवा वहिनीची नाही. इग्बो लोकांत खोटी शपथ घेणारा वर्षाच्या, म्हणजे त्यांच्या तेरा चंद्रांच्या आत मरतो. वर्ष निघालं की सुटला. साहेबाचं पुस्तक असलं तरी शपथ ती शपथच. म्हणून दर नव्या चंद्राला तो एक गाठ मारायचा. साधा खोकला आला तरी तो वैद्याकडे धावायचा. वीज कडाडली, की तो झोपडीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचा.

"ओयिदिया, कोंबडा आण!" तो बायकोला म्हणाला. "आता सांगायला हरकत नाही. बाग वहिनीचीच होती."

ओयिदिया जागची हलली नाही. दर रविवारी चर्चमध्ये ती तेच पुस्तक ऐकायची.

"अहो, त्या पुस्तकातला देव वर्ष मोजत नाही."

"मग मारतो केव्हा?"

"मारत नाही. माणूस मेला की मग जाब विचारतो. खोट्याला आगीत टाकतो."

"किती चंद्र?"

ती नवऱ्यापासून जरा लांब सरकली.

"त्याला शेवट नाही म्हणतात."

अनोझीने दोरी पुन्हा हातात घेतली आणि चौदावी गाठ मारली.