पहाटेचं पीठ

पीठ मळून झालं तेव्हा भट्टीवालीच्या खांद्यातून कळा येत होत्या. तिने परातीवर ओलं फडकं टाकलं आणि चोरपावलांनी खोलीत येऊन नवऱ्याशेजारी पुन्हा आडवी झाली. थोड्या वेळाने तो उठला, तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले.

वस्तीत याला कोणी लबाडी म्हटलं नसतं. वस्ती वसवणाऱ्या थोरल्यांनी देऊळ बांधलंच नव्हतं. भट्टी, माग, धुण्याचा हौद हीच देवळं. हात चालतोय तोवर प्रार्थना चालते, असं ते म्हणायचे. कुणाचा हात मागे पडला, तर शेजारच्याने त्याचं काम गुपचूप उचलायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सांगितलं की पुण्य गेलं.

नवऱ्याचे हात वर्षभर थरथरत होते. जेवताना चमच्यातलं निम्मं ताटात सांडायचं. म्हणून ती त्याच्या आधी उठून पीठ मळून ठेवायची. त्याने नुसते गोळे करून भट्टीत सारायचे. तेवढ्यालाही स्वारीला उजाडेपर्यंत वेळ लागायचा. भिंतीपलीकडून धपधप ऐकू येत राहायची. एवढं काय थोपटत बसतात देव जाणे, असं म्हणत ती कूस बदलायची. पाव मात्र झकास व्हायचे. लोक त्याचं कौतुक करायचे आणि तिला त्यातच सुख होतं.

"आज सभा ना हो?" सकाळी तिने विचारलं.

"हो गं बाई, हो!" तो खेकसला. मग लगेच वरमला. "संध्याकाळी आहे. मी नेतो तुला."

पूर्वी असा खेकसायचा नाही. म्हातारपण, दुसरं काय.

दुपारी हौदावरून परतताना कोठीवाल्याने तिला गाठलं. धान्याची कोठी त्याच्याकडे होती.

"काकू, भट्टीवर पीठ दुप्पट लागतंय. उंदरांना पंगतीला बसवता की काय?"

"बसवते की. तेवढेच वेळेवर येतात," ती म्हणाली. म्हणजे हे सांडतायत, आणि आता ते लोकांच्या डोळ्यावर आलंय. कोठीवाला मात्र हसला नाही. त्याने तिच्या हातातली बादली घेतली आणि तिला पार खोलीच्या दारापर्यंत सोडलं. गुणी माणूस.

सभेची तिला धास्ती होती. वर्षातून एकदा, सभेत, मौन मोडायची मुभा असे. उचललेलं काम पेलवेनासं झालं, तर उचलणाऱ्याने उभं राहून त्या दुसऱ्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलेला माणूस विसाव्याच्या घरात जाई. तिथे मऊ गादी, गरम जेवण, सगळ्यांकडून मान. फक्त काम नाही, म्हणजे प्रार्थनाही नाही. गेल्या साली तिथे गेलेला चांभार दिवसभर रिकाम्या मांडीवर टाके घालत बसायचा. त्याला बघून तिचं काळीज तुटलं होतं.

संध्याकाळी ती सभेच्या बाकावर नवऱ्याला खेटून बसली. अंग आंबून गेलं होतं. क्षणभर वाटलं, घ्यावं नाव. एका वाक्याचं काम. उद्या पहाटे उठायला नको. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मांडीवर ठेवूनही ते थरथरत होते. तिला स्वतःचीच लाज वाटली. मरेपर्यंत मळीन, पण यांना त्या घरात जाऊ द्यायची नाही.

"कुणाला कुणाचं नाव घ्यायचंय?" विणकर आक्कांनी विचारलं. या वर्षी सभा त्यांच्याकडे होती.

कोणी हललं नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाक करकरला. नवरा उभा राहिला होता.

स्वतःहूनच जायला निघाला की काय हा वेडा! तिने त्याचा सदरा ओढला. "अहो, बसा. मी कुठे काही म्हटलंय? मला होतंय सगळं. बसा म्हणते ना!"

त्याने खाली न बघता तिचा हात आपल्या हातात घेतला.

"आक्का, माझी बायको," तो म्हणाला. "वर्ष झालं, हिने मळलेलं पीठ मी रोज फेकतोय. कधी त्यात धुण्याचा सोडा असतो, कधी राख. मग पहिल्यापासून दुसरं मळतो. आता नाही होत माझ्याच्याने. हिला न्या."