तळ्याचा नवस

"हाळू चालाड भाऊ, पानी सांडी जाई," लताबाईंनी पुन्हा बजावलं.

मांडीवर झाकणाची बादली, तिच्यावर ओला रुमाल आणि दोन्ही हातांची मिठी. पिंप्राळ्याहून जळगाव स्टेशनकडे जाणारी रिक्षा आधीच बैलगाडीच्या चालीनं चालली होती.

"काय शे माय त्यामा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नवसनं शे."

नवसाचं म्हटल्यावर तो खड्डे चुकवू लागला.

लताबाई थोरल्या लेकाकडे पिंप्राळ्यात राहायच्या. गुडघे धड नव्हते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे गावी जाणं सुटलंच होतं. दुपार गॅलरीत जायची. तिथे तुळस, मोगरा, गवती चहा, जे लावतील ते जगायचं. शेजारच्या मुस्काननं नर्सरीतून कसलंसं रोप आणून दिलं, तर त्यानंही बघता बघता टब भरून टाकला. "आजी, तुमच्या हाताला गुण आहे," मुस्कान म्हणायची. लताबाईंना ते मनापासून पटायचं.

पण आज त्यांचं चित्त धाकट्यापाशी होतं. योगराजनं जळगावची कंपनीतली नोकरी सोडली आणि पाचोऱ्याजवळच्या आपल्या गावी जाऊन तळ्यात उतरला, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. तळं कसलं, जलपर्णीचं रानच. शेळीचं करडू कुरण समजून त्यावर चालत गेलं आणि बुडालं. भोयांच्या होड्या काठाला उलट्या पडल्या, जाळी घरात खुंटीला लागली.

योगराज एकटाच छातीभर पाण्यात उभा राहून जलपर्णी उपटत राहिला. मग तोताराम भोई उतरला, मग बायका उतरल्या. हसणारेही लाजेकाजेनं आले. तळं मोकळं झालं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा गच्च भरलं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. कुठेतरी लव्हाळ्यात एखादं रोप राहून जायचं. फुगीर देठांत हवा भरलेली, त्यामुळे ते बुडायचंही नाही. तरंगत जायचं आणि वाढायचं. फुलायच्या आत उपटायचं, हा योगराजचा नियम होता.

एकदा त्यानं आईला फोनवर फोटो पाठवला. लताबाईंना नुसतं हिरवं दिसलं. "मेथी पेरेल शे का?" त्यांनी विचारलं. तो हसला, पण मग त्याचा आवाज बसला.

"आते परत उनी ना माय, ते मन्हामा दम नही."

पुन्हा आली तर दम नाही, असं म्हणणारा लेकाचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्याच दिवशी त्यांनी कानबाईपुढे हात जोडले. तळं मोकळं होऊ दे, मी स्वतः येऊन पाण्याची पूजा करीन.

पाचोरा स्टेशनवर योगराज मोटारसायकल घेऊन उभा होता. पाया पडताना त्याची नजर बादलीवर गेली.

"माय, हाई काय लई उनी?"

"तू दखू नको. कानबाईले बोलेल शे मी."

त्यानं हसून बादली आईच्या हाती नीट दिली आणि सावकाश गाडी चालवली.

तळ्याच्या काठाला गाडी थांबली. लताबाईंच्या अधू डोळ्यांनाही दिसलं, समोर निव्वळ पाणी होतं. त्यात ढग दिसत होते. तोतारामची होडी मधोमध होती.

"बठ्ठं तळं फिरी उनू," योगराज म्हणाला. "एक बी रोप ऱ्हायनं नही, माय."

त्यांनी त्याचे हात हातात घेतले. तळवे भेगाळले होते, नखं काळी पडली होती. या पोराला आपण जन्म दिला, याचा त्यांना त्या घडीला फार अभिमान वाटला.

वडाखाली मंडप होता. योगराजच्या सत्कारानंतर तळ्यात मत्स्यबीज सोडायचं होतं. तोताराम बोलायला उठला, पण त्याला भाषण कुठलं जमायला. "यानामुळे मन्हं जाळं परत पानीमा पडनं," एवढं म्हणून त्यानं योगराजला मिठी मारली. टाळ्या वाजतच राहिल्या.

लताबाई डोळे पुसत उठल्या आणि बादली घेऊन घाटाकडे गेल्या. कोणी अडवलं नाही; आईला पूजा करायला कोण नको म्हणणार? पायरीवर बसून त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं. तोडलेलं फूल उद्या कोमेजेल, लेकाच्या कामाला तसलं फूल कशाला, असं त्यांनी घरूनच ठरवलं होतं.

त्यांनी झाकण काढलं आणि मुस्काननं दिलेलं ते जांभळ्या फुलांचं रोप मुळांसकट अलगद पाण्यावर ठेवलं. फुगीर देठांवर ते डौलात तरंगलं आणि वाऱ्याबरोबर तळ्याच्या मधोमध निघालं.